पासष्टीनंतरच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच राहू द्यावी

‘सीनियर’, ‘५०+’, ‘इम्युनिटी’ असं लिहिलेली कुठलीही डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं, तर आत तीच ठरलेली मंडळी सापडतात: व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि झिंक. महागड्या डब्यांत त्यांच्या जोडीला कोएन्झाइम क्यू१०, रेझव्हेराट्रॉल, करक्यूमिन किंवा एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन असतं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या डबीचं न करता घटकांचं केलं आहे. घटक आणि त्याची मात्रा कळली की डबी कोणाचीही असो, तिची लायकी दुकानात उभ्या उभ्या ठरवता येते.

निकाल आधीच सांगतो. झिंक कमी पडत असेल तर माफक मात्रेत जरूर घ्यावं. व्हिटॅमिन सी २०० मिलिग्रॅमच्या आसपास ठीक, हजाराची गोळी वाया जाते. सेलेनियम मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं तेवढं पुरे. व्हिटॅमिन ईबद्दलचे पुरावे एकमेकांशी भांडणारे आहेत, ४०० आययूची (आययू म्हणजे इंटरनॅशनल युनिट, व्हिटॅमिन मोजायचं एक एकक) कॅप्सूल मात्र नकोच. बीटा कॅरोटीनची वेगळी गोळी कोणीही घेऊ नये, आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढलेल्यांनी तर तिच्याकडे बघूही नये.

आता कारणं. वय वाढतं तशी प्रतिकारशक्ती दोन बाजूंनी ढासळते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तयार होऊन बाहेर पडतात. ही ग्रंथी वयात आल्यापासूनच आक्रसू लागते आणि साठीपर्यंत तिची बरीचशी जागा चरबीने घेतलेली असते. त्यामुळे नव्या जंतूला ओळखू शकतील अशा कोऱ्या टी-पेशी कमी होत जातात, आणि लस घेतल्यावर तरुणांइतकी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. दुसरी बाजू म्हणजे अंगात कायम धुमसणारा सौम्य दाह. क्लाउडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिलं. अँटिऑक्सिडंटचा विचार त्याच्याही आधीचा आहे. डेनहॅम हरमन यांनी १९५६ साली मांडलं की पेशींत तयार होणारे फ्री रॅडिकल्स (आसपासच्या घटकांचं ऑक्सिडेशन करणारे अस्थिर रेणू) साचत जाणारं नुकसान करतात आणि म्हातारपण हा त्याचा परिणाम असतो. मग फ्री रॅडिकल्स विझवणारं काही पोटात गेलं की प्रतिकारशक्ती तरुण राहील, हा तर्क ओघानेच आला.

तर्क अर्धा बरोबर आहे. टी-पेशींच्या आवरणात सहज ऑक्सिडाइझ होणारी स्निग्धाम्लं भरपूर असतात, त्यामुळे त्यांना संरक्षण लागतं हे खरं. पण जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी तेच जहाल ऑक्सिडंट मुद्दाम तयार करून जंतू मारतात. टी-पेशीला ‘कामाला लाग’ हा इशारा पोचवण्यातही हायड्रोजन पेरॉक्साइडचा थोडा अंश लागतो. सगळेच ऑक्सिडंट पुसून टाकावेत असं शरीराला नको असतं. जास्त मात्रेचे प्रयोग इतक्या वेळा तोंडघशी का पडले, याचं एक कारण इथे आहे.

व्हिटॅमिन ई

या घटकावर सर्वांत जास्त आशा होती, आणि ती उगाच नव्हती. वयस्कर माणसांच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या आणखी एका प्रकारच्या) पेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन जास्त सोडतात आणि त्याने टी-पेशी दबतात. व्हिटॅमिन ई हे प्रमाण खाली आणतं. १९९७ साली जामा या नियतकालिकात सिमीन मेदानी यांच्या गटाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पासष्टीपुढचे ८८ निरोगी लोक होते, कालावधी २३५ दिवसांचा होता आणि रोजची मात्रा ६०, २०० किंवा ८०० मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमच्या गटात त्वचेवरच्या चाचणीतला प्रतिसाद ६५ टक्क्यांनी वाढला आणि हिपॅटायटिस बीच्या लशीनंतरची प्रतिपिंडं सहा पटींवर गेली. इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे: मात्रा चौपट करून ८०० केल्यावर फायदा वाढला नाही. ‘जास्त म्हणजे चांगलं’ या समजुतीला तडा देणारा आकडा याच प्रयोगात होता, आणि जाहिरातींनी नेमका तोच गाळला.

चाचणीतला आकडा सुधारणं आणि माणूस कमी आजारी पडणं या दोन गोष्टींत मात्र अंतर असतं. २००२ साली नेदरलँड्समध्ये घरी राहणाऱ्या, खाऊनपिऊन व्यवस्थित असलेल्या साठीपुढच्या ६५२ जणांवर प्रयोग झाला. रोज २०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई घेऊन श्वसनाचे संसर्ग कमी झाले नाहीतच, उलट झालेला संसर्ग जास्त तीव्र निघाला. आजारपणाचे दिवस ई घेणाऱ्यांत १९ आणि न घेणाऱ्यांत १४. मेदानी यांच्याच गटाने २००४ साली वृद्धाश्रमांतल्या ६१७ जणांना वर्षभर २०० आययू दिलं. न्यूमोनियासारख्या खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गांत फरक पडला नाही, साध्या सर्दीत थोडा पडला.

मोठ्या मात्रेचे धोके आणखी ठळक आहेत. सेलेक्ट नावाच्या चाचणीत ३५,५३३ पुरुष होते. २०११ च्या विश्लेषणात रोज ४०० आययू ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांवरच्या होप-टू या चाचणीत त्याच मात्रेने हार्ट फेल्युअर वाढलं. बाजारात सर्वाधिक सापडणारी कॅप्सूल मात्र आजही ४०० आययूचीच आहे. आम्हाला हे मनापासून खटकतं.

घ्यायचंच ठरलं तर लेबल असं वाचा. ‘डी-अल्फा’ लिहिलं असेल तर ते नैसर्गिक, ‘डीएल-अल्फा’ असेल तर कृत्रिम. एका अक्षराचा फरक, पण ४०० आययू नैसर्गिक म्हणजे शरीराच्या हिशेबाने २६८ मिलिग्रॅम आणि ४०० आययू कृत्रिम म्हणजे १८०. प्रौढांची रोजची गरज जेमतेम १५ मिलिग्रॅमची असते. हे स्निग्धात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल बरीचशी तशीच निघून जाते. थोडं तरी तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबरच ती घ्यावी. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन ई डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, कारण मोठ्या मात्रेत ते व्हिटॅमिन केच्या कामात आड येतं आणि रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला या कॅप्सूलबद्दल आवर्जून सांगायचं. औषधांची यादी विचारल्यावर लोक ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून नेमकी हीच सोडतात.

झिंक

या गटातला आमचा सर्वांत आवडता घटक. काटेकोर बोलायचं तर झिंक स्वतः अँटिऑक्सिडंट नाही. ते शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंट एन्झाइमचा भाग असतं, आणि थायमसमधल्या थायम्युलिन या हार्मोनला झिंकशिवाय काम करता येत नाही. म्हातारपणी ते कमी पडण्याची कारणंही रोजच्या जगण्यातली आहेत: जेवण कमी होतं, दात नसल्याने चावायला जड पदार्थ सुटतात, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी शोषण घटतं, ब्लडप्रेशरच्या थायाझाइड गोळ्यांनी लघवीतून झिंक जास्त जातं. धान्यं आणि कडधान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्यही झिंकला अडवून धरतं.

वर ज्या वृद्धाश्रमांचा उल्लेख आला, तिथल्याच माणसांच्या रक्तातलं झिंक पुढे तपासलं गेलं. ज्यांची पातळी ७० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर होती, त्यांना न्यूमोनिया कमी झाला आणि अँटिबायोटिकही कमी लागलं. हे निरीक्षण आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण २००७ साली आनंद प्रसाद यांच्या गटाने ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम झिंक किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली, तेव्हा संसर्ग झालेल्यांचं प्रमाण झिंकच्या गटात २९ टक्के आणि दुसऱ्यात ८८ टक्के निघालं. माणसं थोडी होती, म्हणून या आकड्यांवर घर बांधू नये, दिशा मात्र स्पष्ट आहे.

फ्रान्समधल्या १९९९ च्या प्रयोगाचा निकाल तर या सगळ्या बाजाराला विचार करायला लावणारा आहे. संस्थांमध्ये राहणाऱ्या ७२५ वृद्धांना दोन वर्षं वेगवेगळ्या जोड्या दिल्या गेल्या. ज्यांना २० मिलिग्रॅम झिंक आणि १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम मिळालं, त्यांच्यात फ्लूच्या लशीनंतर प्रतिपिंडं जास्त झाली. ज्यांना सी, ई आणि बीटा कॅरोटीन मिळालं, त्यांच्यात ती कमी भरली. डबीवर मोठ्या अक्षरात छापलेली व्हिटॅमिनं मागे पडली आणि शेवटच्या ओळीतली खनिजं कामाला आली.

झिंकच्या लेबलमधली मेख अशी की वर लिहिलेलं वजन बऱ्याचदा क्षाराचं असतं, झिंकचं नव्हे. झिंक ग्लुकोनेटमध्ये सुमारे १४ टक्केच झिंक असतं, म्हणजे ‘झिंक ग्लुकोनेट ५० मिग्रॅ’ ही गोळी प्रत्यक्षात ७ मिलिग्रॅमची. पाण्याचा एक रेणू असलेल्या झिंक सल्फेटमध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के, म्हणून तिथे ५५ मिलिग्रॅमच्या गोळीत २० मिलिग्रॅम झिंक. झिंक ऑक्साइडमध्ये आकडा ८० टक्के दिसतो, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटात अ‍ॅसिड कमी असेल तर अंगी फारसं लागत नाही. ‘एलिमेंटल झिंक’ असं स्वच्छ छापलेली डबीच घ्यावी. रोज १० ते २० मिलिग्रॅम पुरतं.

वरच्या टोकाला काय होतं? अमेरिकेत सगळं धरून रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, युरोपात २५. त्यापलीकडे महिनोन्‌महिने गेलं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं. मग रक्त कमी होतं, न्यूट्रोफिल पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात आणि चाल डगमगू लागते. प्रतिकारशक्तीसाठी सुरू केलेली गोळी पांढऱ्या पेशीच कमी करते. ही मर्यादा नकळत ओलांडली जाते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे डोळ्यांच्या गोळ्या: मॅक्युलर डिजनरेशनसाठीच्या (उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याच्या आजारासाठीच्या) एरेड्स नावाच्या सूत्रात रोजचं ८० मिलिग्रॅम झिंक असतं (म्हणूनच त्यात २ मिलिग्रॅम तांबंही घातलेलं असतं). ती चालू असताना वर इम्युनिटीची गोळी घ्यायची काहीच गरज नाही. दुसरं म्हणजे कवळी चिकटवायची पेस्ट. काही पेस्टमध्ये झिंक असायचं, आणि ढिली कवळी बसवायला रोज भरपूर पेस्ट वापरणाऱ्यांना तांब्याच्या कमतरतेने मज्जातंतूंचा त्रास झाल्याची नोंद आहे. पेस्ट झिंकविरहित आहे का ते ट्यूबवर बघून घ्या.

रिकाम्या पोटी झिंक घेतलं की मळमळतं, आणि ‘मला झेपत नाही’ म्हणून गोळी सुटते ती बहुधा यामुळेच. जेवणानंतर घ्यावं, शोषण थोडं घटलं तरी चालेल. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर ते झिंकच्या दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायचं. दोन्ही एकत्र गेली तर अँटिबायोटिक पोटातच बांधलं जातं आणि संसर्ग हटत नाही. नाकात मारायचा झिंकचा स्प्रे मुळीच नको. त्याने वास येणं कायमचं गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या एफडीएने २००९ साली इशारा दिला होता.

व्हिटॅमिन सी

हजार मिलिग्रॅमची फसफसणारी नारिंगी गोळी दिसायला छान, हिशेबाला वाईट. २०० मिलिग्रॅम एका वेळी घेतलं तर जवळजवळ सगळं शोषलं जातं, सव्वा हजार घेतलं तर निम्म्याहून कमी. रोज १०० मिलिग्रॅमलाच पांढऱ्या पेशी काठोकाठ भरतात. बाकीचं लघवीवाटे जातं. रोज घेऊन सर्दी टळत नाही, झालेली सर्दी प्रौढांत सुमारे ८ टक्क्यांनी आखडते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर तेवढंही भरवशाचं नाही.

वयस्करांसाठी दोन-तीन बारकावे. फसफसणाऱ्या गोळीत सोडा असतो, काही ब्रँडमध्ये एका गोळीत २०० ते ३०० मिलिग्रॅम सोडियम जातं. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर साधी गोळी बरी. पूर्वी मुतखडा झालेल्यांनी मोठी मात्रा टाळावी, कारण सीचं ऑक्झलेट बनतं. शरीरात लोह साचण्याचा आजार असेल तरीही टाळावी. खूप मोठ्या मात्रेने काही घरगुती ग्लुकोमीटर साखर चुकीची दाखवतात.

सेलेनियम, बीटा कॅरोटीन आणि बाकीचे

सेलेनियमची फायद्याची पट्टी फार अरुंद आहे. गरज ५५ मायक्रोग्रॅम, अमेरिकेतली वरची मर्यादा ४००, आणि युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. मातीत सेलेनियम कमी असलेल्या भागांत पूरक गोळीचा फायदा दिसतो, पुरेसं मिळत असलेल्यांत दिसत नाही. २००८ साली अमेरिकेत एका द्रव सप्लिमेंटमध्ये लेबलच्या २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ जणांना बाधा झाली: जुलाब, केस गळणं, नखं ठिसूळ होणं, सांधे दुखणं. मायक्रोग्रॅममध्ये मोजायच्या वस्तूत कारखान्यातली चूक किती महाग पडते ते यातून कळतं. म्हणून यूएसपी किंवा एनएसएफसारख्या बाहेरच्या संस्थेने तपासल्याची खूण असलेली डबी असेल तर तिला झुकतं माप द्यावं.

बीटा कॅरोटीनवर जागा घालवण्यात अर्थ नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅमने फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतल्या केअरेट चाचणीत ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र दिल्यावर तो २८ टक्क्यांनी वाढला आणि १९९६ साली चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. डोळ्यांच्या नव्या सूत्रातून ते काढून ल्युटीन आणि झियाझँथिन घातलं गेलं ते यासाठीच. घरात जुन्या सूत्राची डबी असेल तर तपासून घ्या.

एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनचा एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९७ साली इटलीत बहुतांश वयस्कर अशा २६२ जणांना सहा महिने दिवसातून दोनदा ६०० मिलिग्रॅम किंवा दिखाऊ गोळी दिली. फ्लूच्या विषाणूची लागण दोन्ही गटांत सारखीच झाली, पण लागण झालेल्यांपैकी लक्षणं दिसली ती पहिल्या गटात २५ टक्क्यांना आणि दुसऱ्यात ७९ टक्क्यांना. एवढ्या एका प्रयोगावरून ते रोज घ्यायला आम्ही सांगणार नाही. दमा असणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नकोच.

रेझव्हेराट्रॉल आणि करक्यूमिन पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. म्हणून करक्यूमिनमध्ये मिऱ्यातलं पिपेरीन मिसळतात, आणि तेच पिपेरीन यकृतातली, औषधांचं विघटन करणारी यंत्रणा मंदावतं. पाच-सहा औषधं चालू असलेल्या माणसाला हा व्यवहार परवडणारा नाही. अशा मिश्रणांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. डबीवरचा ‘ओरॅक’ आकडा, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकदीचं माप, हा परीक्षानळीतला असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ओरॅकची यादी २०१२ सालीच संकेतस्थळावरून काढून टाकली.

घेण्याआधी

सगळ्यात आधी लशी. शिंगल्सच्या (नागिणीच्या) रीकॉम्बिनंट लशीचा बचाव सत्तरीपुढच्यांतही मूळ चाचण्यांत ९० टक्क्यांच्या आसपास निघाला. कुठल्याही अँटिऑक्सिडंट गोळीचा आकडा याच्या जवळपास फिरकत नाही, आणि पैसे मोजकेच असतील तर ते आधी तिकडे जावेत. त्यानंतर चालू असलेल्या सगळ्या डब्या टेबलावर मांडून झिंक, सेलेनियम आणि ई यांची कागदावर बेरीज करावी. मल्टिव्हिटॅमिन, डोळ्यांची गोळी, केसांची गोळी आणि इम्युनिटीची गोळी अशा चार डब्यांत तेच घटक चारदा येतात. केसांच्या गोळीतलं बायोटिन मोठ्या मात्रेत थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन चाचणीचा रिपोर्ट चुकवू शकतं, तेही याच वेळी बघून घ्यावं. गोळीचा आकारही बघा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी लांबलचक कोरडी गोळी घेऊ नये, छोटी किंवा पाण्यात विरघळणारी शोधावी.

झिंकची रक्ततपासणी करायची तर सकाळी उपाशीपोटी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी, आणि सूक्ष्म खनिजांसाठीच्या खास ट्यूबमध्ये. साध्या ट्यूबच्या बुचातून झिंक मिसळून आकडा खोटाच वाढतो, रक्तपेशी फुटल्या तरी वाढतो. ताप किंवा संसर्ग असताना शरीर झिंक रक्तातून यकृतात ओढून घेतं, त्यामुळे आजारपणातला कमी रिपोर्ट कमतरता सांगत नाही. सोबत सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) केलं तर हा घोळ उलगडतो. सीआरपी नॉर्मल असून झिंक ७० च्या खाली आलं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने २० ते ३० मिलिग्रॅम एलिमेंटल झिंक तीन महिने घ्यावं, पुन्हा तपासावं, आणि आकडा वर आला की मात्रा १० वर आणावी किंवा बंद करावी.